वाचकांचे प्रश्न: कॅरिबियन क्रूझवरून उतरल्यावर शिपची टूर घ्यायची की आपली आपण वाट धरायची?

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांचे आणि तिकडेच राहणाऱ्यांचे प्रश्न या महिन्यात एकदम आले, आणि बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर, कॅरिबियन क्रूझ बुक झालीय, आता पोर्टवर काय करायचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही दोघं पुण्याचे, रिटायर्ड. मुलगा डलासला असतो, त्याने जानेवारीत गॅल्व्हेस्टनहून सात रात्रींची क्रूझ काढलीय, कोझुमेल, ग्रँड केमन आणि जमैकात फालमथ. आता रोज फोनवर वाद चाललाय. मुलगा म्हणतो शिपच्या टूर म्हणजे शुद्ध लूट, बाहेर तीच टूर स्वस्तात मिळते. सून म्हणते जहाज निघून गेलं तर कोण जबाबदार, शिपचीच घेऊया. आम्हाला टुलुमचे ते माया लोकांचे अवशेष, स्टिंगरे मासे आणि जमैकाचा डन्स रिव्हर धबधबा बघायचाय. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: काका, दोघांचंही ऐका, फक्त वेगवेगळ्या बंदरात.

मुलगा म्हणतो ते खोटं नाहीये. क्रूझ कंपनी सहसा स्वतःच्या बसेस वगैरे चालवत नाही, तिथल्याच एखाद्या लोकल ऑपरेटरकडून टूर घेते, वर आपला हिस्सा लावते आणि तुम्हाला विकते. त्यामुळे पुष्कळदा गाइड तोच, बोट तीच, फक्त शिपच्या टूरला चाळीस-पन्नास जणांचा घोळका आणि बाहेरून घेतली तर दहा-बारा जण. मग जादा पैसे कशाचे? तर वेळेच्या हमीचे. शिपची टूर उशिरा आली तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायचं काम कंपनीचं. आपले आपण गेलो आणि उशीर झाला तर कॅप्टन थोडी वाट बघेलही कदाचित पण त्याच्यावर बंधन काही नाही, बंदराचं भाडं आणि पुढच्या बंदराची वेळ त्याच्या डोक्यावर बसलेली असते.

म्हणून मी लोकांना सांगते की शिपची का आपली हा वाद घरी बसून सगळ्या क्रूझसाठी एकदम मिटवू नका. एकेक बंदर घ्या, मॅप उघडा, आणि तुम्हाला जे बघायचंय तिथून जहाजाच्या शिडीपर्यंत परत येताना मध्ये काय काय आडवं येऊ शकतं ते बघा. फेरी बोट, घाटाचा एकच रस्ता, बोटींसाठी उघडणारा पूल, टेंडर (म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर ने-आण करणारी छोटी बोट). जाताना नाही हां, येताना. जाताना उशीर झाला तर फक्त बघायचं कमी होतं.

आता तुमची तीन बंदरं या हिशेबात बसवा.

कोझुमेल हे बेट आहे आणि टुलुम त्या बेटावर नाहीच, ते समोर मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर आहे, हे बुकिंग करेपर्यंत अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे जहाजातून उतरायचं, पाऊण तासाची फेरी पकडून प्लाया देल कारमेनला जायचं, तिथून रस्त्याने तासभर, आणि हे सगळं उलटं परत. त्यात तुम्ही जाताय जानेवारीत. हिवाळ्यात तिकडे उत्तरेकडून जोराचे वारे येतात, त्याला तिथले लोक नॉर्ते म्हणतात, आणि ते सुटले की बंदर आधी लहान बोटींना बंद होतं. गेटवेहून मांडव्याला लाँचने गेलेल्यांना हा प्रकार लगेच कळेल, समुद्र खवळला की खिडकीवर पाटी लागते आणि तुम्ही कितीही घाईत असा, पाटी पाटीच. शिपच्या टूरलाही तेच पाणी ओलांडायचंय, पण अडकलात तर ती कंपनीची डोकेदुखी, तुमची नाही. टुलुम करायचंच असेल तर सुनेचं ऐका, गुपचूप शिपची टूर घ्या.

नाहीतर माझा स्वतःचा कौल वेगळा आहे. कोझुमेलवरच बेटाच्या मध्यभागी सान हेर्वासिओ म्हणून माया लोकांचं ठिकाण आहे, इश्चेल नावाच्या देवीचं, जुन्या काळी बायका लांबून होडीने दर्शनाला यायच्या. टुलुमसारखा समुद्रकाठचा देखावा नाही, इमारती लहान आहेत, पण गर्दी कमी, झाडीतून चालायचं, इग्वाना नावाचे मोठे सरडे उन्हात बसलेले असतात. टॅक्सीने जाऊन येऊन अर्ध्या दिवसात आरामात होतं आणि मध्ये समुद्र नाही. टॅक्सीचे दर ठरलेले असतात आणि धक्क्यावर लावलेले असतात, आणि ते गाडीचे असतात, माणशी नाही, तरी बसायच्या आधी विचारून घ्या, डॉलर का पेसो तेही. आणि एक, कोझुमेलला क्रूझचे तीन वेगवेगळे धक्के आहेत, एक गावात आणि दोन गावाबाहेर दक्षिणेला, तर उतरल्या उतरल्या धक्क्याच्या नावाच्या पाटीचा फोटो काढून ठेवा म्हणजे परत येताना ड्रायव्हरला दाखवता येईल.

ग्रँड केमनला मोठं जहाज लागेल असा धक्काच नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि टेंडर नावाच्या बोटींतून तुम्हाला जॉर्ज टाउनला सोडतात. शिपच्या टूरवाल्यांना आधी उतरवतात, बाकीच्यांनी नंबर घेऊन बसायचं. तरीही इथे मी मुलाच्या बाजूने आहे. स्टिंगरे सिटी म्हणजे नॉर्थ साउंडमधला उथळ वाळूचा पट्टा, तिथे नेणारे लोकल बोटवाले पुष्कळ आहेत, वर्षानुवर्षं क्रूझच्या लोकांवरच त्यांचा धंदा चालतो त्यामुळे शेवटचं टेंडर किती वाजता ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. फक्त बुकिंग सकाळी अगदी लवकरचं घेऊ नका, टेंडरला वेळ लागतो. आणि घड्याळात शेवटच्या टेंडरची वेळ धरायची, जहाज सुटायची नाही. तिथे खायला बसलात तर मेनूवरचे आकडे केमन डॉलरमधले असू शकतात, तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे, १० लिहिलं असेल तर खिशातून साधारण १२ ते साडेबारा अमेरिकन जातात.

आणि डन्स रिव्हर. हा धबधबा ओचो रिओसला, म्हणजे जमैकाच्याच दुसऱ्या बंदराजवळ आहे. ज्यांचं जहाज ओचो रिओसला लागतं त्यांनी बाहेर लायसन्सवाली टॅक्सी करावी, दहा मिनिटांचा रस्ता, शिपच्या टूरला पैसे घालायची गरजच नाही. पण तुमचं जहाज लागणार फालमथला, तिथून तासाभराचा हायवे, येताना पुन्हा तासभर, आणि मधे अपघात-बिपघात झाला तर दुसरा सोयीचा रस्ता नाही. म्हणजे धबधबा तोच, पण बंदर बदललं की उत्तर बदललं. तुम्ही शिपची घ्या. पायात पाण्यात चालतील असे ग्रिपवाले बूट हवेतच, दगड शेवाळलेले असतात आणि सगळे एकमेकांचे हात धरून साखळी करून चढतात, काकूंना चढायचं नसेल तर बाजूने पायऱ्या आहेत, तिथून चालत वर जाता येतं आणि फोटोही तिथूनच चांगले येतात.

प्रश्न: मी न्यू जर्सीत आयटीत आहे, एच वन बीवर, भारतीय पासपोर्ट. पिटिशन एक्स्टेंड झालीय पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प एक्स्पायर झालाय. ऑफिसमधले म्हणतात क्रूझ आहे, अमेरिकेतून निघते अमेरिकेतच येते, काही लागत नाही. खरंय का? आणि पोर्टवर उतरायला वेगळे व्हिसा लागतात का?

उत्तर: ऑफिसमधले जे म्हणतायत ते अमेरिकन नागरिकांसाठी आहे, त्यांना अशा जाऊन-येऊन क्रूझला बर्थ सर्टिफिकेट आणि फोटो आयडीवरही जाता येतं. तुझ्यासाठी जहाज बंदरातून निघालं की तू देशाबाहेर गेलास, परत येताना रीतसर एंट्री.

ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन नावाचा नियम आहे, तीस दिवसांच्या आत परत येणार असशील आणि आय नाइन्टी फोर, म्हणजे अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्याची नोंद, व्हॅलिड असेल तर एक्स्पायर झालेल्या स्टॅम्पवर आत घेतात. पण एच वन बीसाठी तो फक्त कॅनडा आणि मेक्सिकोला गेलास तर चालतो. कॅरिबियन बेटांची सवलत एफ आणि जे व्हिसावाल्या स्टुडंट मंडळींना आहे, तुला नाही. म्हणजे बहामा किंवा जमैकाचं एक बंदर जरी वाटेत असलं तरी तू अडकलास. फक्त मेक्सिकोची बंदरं असलेल्या क्रूझ असतात, पण त्यावरही वकिलाला आणि क्रूझ कंपनीला दोघांना विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस, कारण चेक-इन काउंटरवरच्या माणसाने नाही म्हटलं तर तिथे नियम समजावत बसायला वेळ नसतो. ग्रीन कार्डची प्रोसेस चालू असेल तर वकील आधी, क्रूझ नंतर.

बंदरांचं म्हणशील तर अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा असेल तर मेक्सिकोला भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी बेटांवर जहाजाच्या प्रवाशांना दिवसभरासाठी बहुतेक ठिकाणी सूट असते, पण सगळीकडे सारखं नाही, कंपनीकडून तुझ्या पासपोर्टसाठी बंदरवार यादी ईमेलवर मागून घे, फोनवर सांगितलेलं धरू नकोस.

आणि इथेच आपल्या लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आहे म्हणून जरा थांबून सांगते. ती सूट तुला जहाजाचा प्रवासी म्हणून असते. जहाज गेलं आणि तू धक्क्यावर राहिलास की तू आता त्या देशात विमानाने बाहेर पडायची सोय बघणारा भारतीय पासपोर्टवाला आहेस. तुझा अमेरिकन कलीग अशा वेळी क्रेडिट कार्ड काढतो, पुढच्या बंदराचं विमान पकडतो आणि घरी येऊन ही गोष्ट हसत सांगतो. तुला पुढच्या बेटाचा व्हिसा लागेल का, मधे विमान बदलायचं तिथे ट्रान्झिट लागेल का, हे सगळं आलं. त्यामुळे नेटवर अमेरिकन लोक बिनधास्त सांगतात ना, आम्ही कधीच शिपची टूर घेत नाही, ते वाचताना त्यांचा पासपोर्ट कुठला आहे तेही लक्षात ठेव. आपल्याकडे वेळेची शिल्लक जास्त ठेवायची. मी तर आपले आपण फिरताना ऑल अबोर्डच्या, म्हणजे जहाजावर परत हजर व्हायच्या शेवटच्या वेळेच्या, दीड-दोन तास आधी धक्क्याजवळ असायचं असंच सांगते, तिथे बसून नारळपाणी प्या हवं तर.

आईबाबा बी टू, म्हणजे टूरिस्ट व्हिसावर आलेत आणि त्यांना क्रूझला नेणार असाल तर त्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा, आणि क्रूझ करून आलं की राहायचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजतात अशा भरवशावर तिकिटं पुढे ढकलू नका, ते त्या वेळच्या ऑफिसरच्या हातात असतं.

प्रश्न: ताई, आम्ही टँपाला राहतो, दोन मुलं सहा आणि नऊ वर्षांची. मुलांच्या सुट्टीत सेंट थॉमस आणि सेंट मार्टेन करतोय. नवरा म्हणतोय दोन्हीकडे गाडी भाड्याने घेऊ आणि बीच फिरू, मला धाकधूक वाटतेय. मुलांना विमानं डोक्यावरून जातात तो बीच बघायचाच आहे.

उत्तर: अगं, सेंट थॉमसला गाडी नको. बेट अमेरिकेचं आहे पण गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि गाड्या अमेरिकेतूनच येतात त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच. म्हणजे भारतातली सवयही उपयोगी नाही आणि फ्लोरिडातलीही नाही, वर चढउताराचे वळणांचे रस्ते. तिथे सफारी म्हणून उघड्या टॅक्सी असतात, ट्रकच्या मागे बाकं लावल्यासारख्या, मुलांना तेच फिरणं आवडेल. दर सरकारने ठरवलेले आणि माणशी असतात, गाडीचे नाही, त्यामुळे चौघांचे किती ते आधीच मोजून घ्या. मेगन्स बेला जा, मैलभर लांब वाळू, पाणी शांत, बाथरूम आहे, एंट्री फी आहे, परतीला टॅक्सी तिथेच उभ्या असतात. सेंट जॉन बेटावरचा ट्रंक बे जास्त सुंदर आहे यात वाद नाही, स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी पाण्याखाली पाट्या लावलेली वाट आहे, पण त्यासाठी बेटाच्या दुसऱ्या टोकाला रेड हुकला जा, तिथून वीस मिनिटांची फेरी, मग पुन्हा टॅक्सी. जहाज संध्याकाळपर्यंत थांबणार असेल आणि मुलं मोठी असती तर म्हटलं असतं जा. आत्ता नाही, किंवा मग शिपची टूर.

सनस्क्रीन बघून घ्या, ऑक्सिबेन्झोनवालं सनस्क्रीन यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये २०२० पासून बंद आहे, कोरल मरतं म्हणून. झिंक ऑक्साइडचं चालतं.

सेंट मार्टेन मात्र आपलं आपण फिरायला छान. अर्धं डच, अर्धं फ्रेंच, १६४८ साली दोघांनी वाटून घेतलं आणि अजून मधे साधं फाटक नाही, बसमधून जाता जाता देश बदलतो. धक्क्यावरून फिलिप्सबर्गला चालत पंधरा-वीस मिनिटं किंवा वॉटर टॅक्सी, आणि गावाला लागूनच बीच. फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं दिसतील, त्यातली कितीतरी सिंधी लोकांची, हिंदीत भाव करायला लागलीस की चेहरा बदलतो दुकानदाराचा, भाव मात्र तितकासा नाही.

विमानांचा तो माहो बीच. तिथे जायला-यायला सिम्पसन बेवरून रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरचा पूल मोठ्या यॉट आत-बाहेर सोडायला दिवसातून काही वेळा उघडतो. उघडला की सगळी वाहतूक उभी, नंतरही बराच वेळ रांग हलत नाही. अंतर बघितलं तर काहीच नाही आणि म्हणूनच लोक फसतात. पूल उघडायच्या वेळा ठरलेल्या असतात, टॅक्सीवाल्याला विचार आणि परत निघायची वेळ त्याप्रमाणे ठरव. मोठी विमानं साधारण दुपारी येतात, त्यामुळे सकाळी गावातला बीच, मग माहो, मग सरळ जहाज, असं नको, माहोहून येऊन शेवटचा तास-दीड तास फिलिप्सबर्गला घालवा, म्हणजे रस्त्यात अडकलात तरी तो वेळ हाताशी असतो. आणि कुंपणाजवळ मुलांना अजिबात उभं करू नकोस. विमान उडताना इंजिनाचा झोत इतका जोरात येतो की माणूस उडून पडतो, २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या एका बाईचा तिथेच जीव गेला. तिथे पाट्या लावल्यात, तरी लोक कुंपण धरून व्हिडिओ काढतात. उतरणारी विमानं वाळूत बसून बघा, तीच खरी मजा.

प्रश्न: फोन आपोआप लोकल टाइम दाखवतो ना, मग घड्याळाचं एवढं काय सांगतात सगळे? जुलैत मायामीहून कोझुमेल-केमन करतोय.

उत्तर: तुमच्याच बाबतीत खरा घोळ आहे. उन्हाळ्यात फ्लोरिडाची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. कोझुमेल, केमन, जमैका हे लोक घड्याळ हलवत नाहीत. जहाज जर मायामीच्याच वेळेवर राहिलं तर जहाजात चार वाजलेले असताना तुमचा फोन तीन दाखवेल, आणि तुम्ही म्हणाल अजून तास आहे. जहाज कुठली वेळ धरणार हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, उतरायच्या आधी शिडीजवळ लिहिलेलं असतं. साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्या दिवशी फोन फक्त फोटोला. हिवाळ्यात पूर्वेकडच्या बेटांवर उलटं होतं, फोन पुढे पळतो, तेव्हा फार तर तासभर लवकर परत याल, नुकसान काही नाही.

प्रश्न: माझं वय ७१, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, चालता येतं पण हळू. बहीण आणि मी क्रूझला जातोय, अरुबा, कुरासाव आणि पुढे बार्बाडोस. बसच्या टूरमध्ये सगळे पुढे पळतात आणि आपल्यासाठी थांबावं लागतं याचा संकोच वाटतो. जहाजातच बसून राहावं का?

उत्तर: मावशी, बसून कशाला राहता, तुम्हाला अगदी सोयीची बंदरं आलीत. टेंडर नाही हे पहिलं बरं, हलत्या बोटीतून पाय टाकणं गुडघ्यांना वाईट.

कुरासावला विलेमस्टाड गाव धक्क्यापासून चालण्यासारखं आहे, नसेल चालायचं तर टॅक्सी. तिथे क्वीन एमा ब्रिज आहे, १८८८ पासूनचा, पाण्यावर तरंगणारा, लाकडी फळ्यांचा, चालणाऱ्यांसाठी. जहाज आत यायचं असलं की अख्खा पूल दारासारखा एका बाजूला सरकतो, आणि तेवढा वेळ लोकांना फुकट फेरी बोट. म्हणजे पूल उघडला तरी तुमचं काही अडत नाही, उलट बघायला मजा. समोर ती पिवळी-निळी-गुलाबी डच घरं, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. अलीकडच्या बाजूला कॅफेत बसलात तरी सगळं दिसतं. इथे टूरला पैसे घालू नका.

अरुबाला गाव धक्क्याला लागूनच, आणि बीचला जायला चांगली सरकारी बस आहे, धक्क्याजवळच स्टँड. बार्बाडोसला कार्लाइल बे टॅक्सीने पाच-दहा मिनिटांवर, खुर्ची-छत्री भाड्याने मिळते. तिथल्या त्या लहान व्हॅन, झेड आर म्हणतात, त्यात मात्र चढू नका, मोठ्याने गाणी, खच्चून माणसं, तरण्या पोरांचं काम आहे ते. तुम्हा दोघींना मधे थांबत थांबत बेट बघायचं असेल तर दोघींत एक टॅक्सी तीन-चार तासांसाठी ठरवा, किंमत आधी बोलून, पैसे शेवटी. कुणाला थांबवायचा संकोच नाही. शिपच्या टूरच्या दोन माणसांच्या तिकिटांत हे बहुतेक बसतं.

हो, आणि बहिणीच्या नातवाची वगैरे मिलिटरी प्रिंटची टोपी-पँट बॅगेत नको. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया, त्रिनिदाद अशा बेटांवर सैन्यासारखे कपडे सामान्य माणसांना कायद्याने बंद आहेत, लहान मुलांचेसुद्धा.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. शिपच्या टूरमध्ये जेवण असतं ते आपल्या कामाचं नसतं. बाहेर काय खायचं? जहाजातून डबा नेता येतो का?

उत्तर: बुफेतून केळी, सफरचंद, सँडविच पिशवीत टाकून उतरू नका, फळं आणि उघडं अन्न बेटांवर न्यायला बंदी असते, उतरताना बघतात आणि टाकायला लावतात. आपल्या लोकांना शिडीजवळ केळी सोलून गडबडीत खाताना पाहिलंय मी. सीलबंद पाकिटं सहसा चालतात, त्यामुळे भाकरवडी, चिवडा दुकानातल्या बंद पाकिटात असू दे, घरचा डबा नको.

मेक्सिकोत बीन्स मागवताना त्यात डुकराची चरबी घालतात का ते विचारा, मान्तेका हा शब्द लक्षात ठेवा. जमैकात रास्ताफारी लोकांचं इटल जेवण असतं, भाज्या, कडधान्यं, नारळाच्या दुधात, बहुधा मीठही कमी, आपल्याला चालण्यासारखं. टूरमधल्या जेवणासाठी आधी ईमेलने सांगितलं तर लहान लोकल ऑपरेटर काहीतरी सोय करतात, मोठ्या बसवाल्यांकडून भात आणि सॅलड एवढीच अपेक्षा ठेवा.

प्रश्न: आमच्या क्रूझमध्ये एक दिवस पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद आहे. तिथे भारतीय वंशाचे लोक खूप आहेत असं ऐकलं. आपलं आपण फिरावं का? घरात दत्तभक्ती आहे, तिथे दत्ताचं देऊळ आहे म्हणतात ते खरं का?

उत्तर: खरं आहे! पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला कारापिचैमा म्हणून गाव आहे, तिथे दत्तात्रेयाचं देऊळ आहे, दाक्षिणात्य पद्धतीचं, म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं. आवारात ८५ फुटांची हनुमानाची मूर्ती, लांबूनच दिसते. गाणगापूर-नरसोबावाडी करणाऱ्या माणसाला कॅरिबियनमधल्या बेटावर दत्त भेटतो तेव्हा काय वाटतं ते मी काय सांगू, तुम्हीच जाऊन या.

तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे, आणि त्याची गोष्ट जास्त भारी आहे. शिवदास साधू नावाचा ऊसमळ्यातला मजूर, त्याने १९४७ च्या सुमाराला साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. कंपनीने कोर्टात खेचलं, त्याला तुरुंगात टाकलं, देऊळ पाडलं. तर हा म्हणाला जमीन तुमची असेल, समुद्र कुणाचा नाही, आणि सायकलवरून दगडमाती वाहून त्याने समुद्रात भराव घातला, वर्षानुवर्षं, आणि त्यावर देऊळ उभं केलं. आत्ताचं बांधकाम १९९५ मधलं, भारतीय मजूर आल्याला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं. फतेल रझाक नावाचं पहिलं जहाज ३० मे १८४५ ला आलं, आजही तिथे त्या दिवशी सुट्टी असते.

आता तुमचा मूळ प्रश्न. इथे मी शिपची टूर किंवा आधीपासून ऑनलाइन ठरवलेला ड्रायव्हर, या दोनशिवाय तिसरं सांगणार नाही. अंतर तीसेक किलोमीटर, पण एकच मोठा हायवे आणि त्यावर ट्रॅफिक मुंबईला लाजवेल असा, शिवाय पोर्ट ऑफ स्पेनमध्ये उतरून रस्त्यावर कुणाला तरी हात करून गाडीत बसावं असं ते शहर नाही. सकाळी लवकर निघा, आधी दोन्ही देवळं, मग परत शहरात. ड्रायव्हरला सांगून डबल्स खा, दोन मऊ बऱ्यांमध्ये, म्हणजे तळलेल्या छोट्या पोळ्यांमध्ये, हरभऱ्याची उसळ, पूर्ण शाकाहारी, मिरची किती ते विचारतात, पहिल्यांदा थोडीच म्हणा.

प्रश्न: बाहेरून बुक केलं आणि वादळामुळे जहाज त्या बंदराला गेलंच नाही तर पैसे बुडतात का?

उत्तर: शिपच्या टूरचे आपोआप परत येतात. बाहेरच्याचं त्याच्या अटींवर आहे, म्हणून पैसे भरायच्या आधी दोन ओळी लिहून विचारायचं, जहाजाचं नाव आणि तारीख देऊन, जहाज आलं नाही तर पूर्ण परत का, आणि जहाज उशिरा आलं तर थांबणार का. जो रोज क्रूझच्या लोकांना फिरवतो तो लगेच हो म्हणतो, कारण आज कुठलं जहाज येणार ते त्यालाच आधी कळतं. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा बघा. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा सीझन, तेव्हा जात असाल तर हे विचारल्याशिवाय अॅडव्हान्स नाहीच. आणि उतरताना पासपोर्टची झेरॉक्स, थोडे सुटे डॉलर, आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेला पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या कंपनीच्या माणसाचा, नंबर कागदावर लिहून खिशात. फोनची बॅटरी संपायची वेळ आणि तो नंबर लागायची वेळ नेमकी एकच असते.